बाळंतिणीच्या खोलीतलं लोखंड

नंदुरबारच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी सदतीस वर्षं बॉयलरवर काढली. धंद्यातले अनुभव लिहून द्या असं दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा घरात हशा पिकला. सून म्हणाली, "मामंजी, तुम्ही बॉयलरसंगे जितलं बोलनात तितलं आमनासंगे नही. लिखशात काय?" तिचं काही चुकलं नाही. बॉयलर सहसा उलट बोलत नाही, आणि बोलला तर साऱ्या गावाला ऐकू जातं. म्हणून मी माणसांपेक्षा त्याचीच मर्जी जास्त राखली. नोकरी कशी लागली, पगार कितीवर गेला, हे लिहून कोणाची दिवाळी गोड व्हायची नाही. तेव्हा ते सोडून देतो.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण शहरातल्या माणसाला वाफ म्हटलं की चहाच आठवतो. बंद भांड्यात पाणी उकळलं की वाफेला बाहेर पडायचं असतं. तिला वाट दिली तर ती कापसाची गाठ दाबून देते, चाकं फिरवते. वाट नाही दिली तर भांडं फोडते. आमचं काम तिला वाट देण्याचं. दाब फार चढला की आपोआप उघडणारी एक झडप बॉयलरच्या डोक्यावर असते, तिला सेफ्टी व्हाल म्हणतात. तिच्या दांड्याला ठरलेलं वजन लटकवलेलं असतं. त्या वजनाला हात लावायचा नाही, ही आमची पहिली शिकवण.

खापर गावात एका व्यापाऱ्यानं कापसाची सरकी काढायचा छोटा जिन टाकला होता. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी त्याचा माणूस आला. म्हणे शेठनी बोलावलंय, बॉयलर फार गुणाचा झालाय, पूर्वी फुसफुस करून वाफ वाया घालवायचा, आता एक थेंब घालवत नाही, येऊन बघून जा. मी कौतुक करायला गेलो. बघतो तर पूजेच्या दिवशी पाच नारळांचं तोरण त्याच सेफ्टी व्हालच्या दांड्याला बांधलेलं. दाबाचा काटा तांबड्या रेघेपलीकडे गेलेला, आणि शेठ खुर्ची टाकून शेजारी विडी ओढत बसलेले.  आधी भट्टीतली आग ओढून काढली, मग दम खाल्ला, मग नारळ सोडले. शेठ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. देवाचं तोरण तोडलं हा त्यांचा राग. ते धरून तिथले चौघे जण जिवंत राहिले याचा त्यांनी कधी विचार केला नसावा.

अशा गोष्टी मी रात्र रात्र सांगेन आणि सांगताना शहाणपण नेहमी माझ्याकडे असेल. म्हणूनच आज दुसरी गोष्ट सांगायची ठरवली आहे. ती तोरणमाळची आहे.

पहिली लढाई सुरू व्हायच्या आधी तोरणमाळच्या पठारावर एका गोऱ्या इंजिनिअरनं बंगला बांधला. तिथली थंडी आम्हा सपाटीवाल्यांना सांगून कळायची नाही. पौषात सकाळी गवतावर दव गोठून पांढरं झालेलं असतं. साहेबाला विलायतेतल्या घरासारखी ऊब हवी होती. त्यानं पाच खोल्यांसाठी पाच लोखंडी यंत्रं मागवली. एकमेकींना जोडलेल्या पोकळ फासळ्या, कमरेइतक्या उंच, भिंतीशी उभ्या करायच्या. आतून वाफ फिरली की फासळ्या तापतात आणि खोली उबदार होते, धूर नाही, राख नाही. शहाद्याच्या बाजूनं तो घाट चढवताना पावरा आदिवासी मजुरांनी एकेक फासळी खांद्यावर वाहिली. ते त्यांना फासळ्याच म्हणत, आणि पुढे आम्ही अख्ख्या यंत्रालाच फासळी म्हणू लागलो. वाफेचं काम जाणणारा माणूस म्हणून मिलनं मला दोन महिने साहेबाकडे दिलं होतं. त्या साऱ्या जोडण्या माझ्या हातच्या.

साहेब हौशी. बॉयलरखाली सरळ लाकडं जाळली असती तरी चाललं असतं. पण त्यानं कोळशाच्या गॅसची भट्टी केली. एका उंच लोखंडी पिंपात सातपुड्याचा लाकडी कोळसा भरायचा, त्याला अर्धीच हवा द्यायची. तो धड जळत नाही, त्यातून गॅस निघतो. तो गॅस पाण्यातून धुऊन नळीनं बॉयलरखाली आणायचा आणि पेटवायचा. निळी, शांत ज्योत लागायची. दिसायला सुंदर, पण हाच गॅस न पेटता खोलीत साठला तर माणूस झोपेतच जातो, आणि नाकाला कळतही नाही. आमच्या एका जिनमध्ये गॅसच्या इंजिनाजवळ धडधाकट माणूस बसल्या जागी कलंडलेला मी पाहिला आहे.

या फासळ्यांचं शास्त्र सोपं आहे. वाफ एकाच पाइपातून आत जाते, थंड होऊन तिचं पाणी होतं, आणि ते पाणी त्याच पाइपातून परत बॉयलरकडे येतं. त्यामुळे पाइपाला उतार नीट हवा. व्हाल एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. आणि प्रत्येक फासळीच्या लांबच्या टोकाला अंगठ्याएवढं पितळी नाक असतं. वाफ आत यायला लागली की आधीची हवा त्या नाकातून फुसफुसत बाहेर जाते, आणि वाफ तिथवर पोचली की नाक आपोआप मिटतं.

लढाईनंतर साहेब मायदेशी गेला आणि तो बंगला छगनभाई पाटलांनी घेतला. छगनभाई म्हणजे तापीकाठचे गुजर शेतकरी, कापूस आणि केळीवर वाढलेलं घर. घरात आपसांत ते गुजरी बोलत, आमच्याशी अहिराणी. भला माणूस, पण घरात त्यांच्यापुढे कोणाचा आवाज निघत नसे. त्या साली गावात प्लेगचे उंदीर पडू लागले. बायको त्यांची आदल्याच प्लेगात गेलेली. सून रेवाबाई पोटुशी होती, आणि तिची आधीची दोन मुलं जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. छगनभाईंनी मुलाला शेतावर ठेवलं आणि सुनेला डोलीत घालून तोरणमाळला नेलं. तिथे आठव्या महिन्यातच ती बाळंत झाली. मुलगी झाली.

हे मला कळलं ते दित्याकडून. दित्या पावरा हा बंगल्याचा राखणदार, भट्टीही तोच सांभाळी, आणि त्याची बायको रेमली ही त्या पठारावरची सुईण. दित्या घाट उतरून, तापी ओलांडून मिलच्या फाटकाशी आला आणि म्हणाला, "मिस्तरी, फासळ्या मरी ग्यात. पोर बारकी शे, तिले ऊब जोयजे. शेठनी बलावं शे." साऱ्या फासळ्या गेल्या का म्हणून विचारलं तर म्हणे नाही, बाळंतिणीच्या खोलीतलीच. मी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो. प्रकाशा गावाशी नावेनं तापी, पुढे बैलगाडी, आणि घाट पायी. पोर जन्मल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी बंगल्यावर पोचलो.

छगनभाई ओसरीवरच बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठले आणि माझा हात धरला, जे त्यांनी एरवी कधी केलं नसतं. म्हणाले, "मिस्तरी, आमना घरना दोन पोरं गयात. हाई तिसरी शे. तुम्ही उनात, आते माले काळजी नही." खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

भट्टी पाहिली, गॅस ठीक. बॉयलर ठीक. चार खोल्यांतल्या फासळ्या हात लावू नये इतक्या तापलेल्या. कोपऱ्यातल्या खोलीकडे जाणारा पाइप भिंतीपर्यंत कढत होता. भिंतीपलीकडे काय आहे ते मात्र मला बघता येणार नव्हतं. दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. छगनभाईसुद्धा उंबऱ्याच्या अलीकडे, पडद्याबाहेर उभं राहून बोलत. आत फक्त रेवाबाई आणि रेमली. डॉक्टरला नाडी बघू न देता औषध विचारावं तशातला प्रकार.

मग आमचं असं चाललं. मी चार पावलांवर उभा. मी छगनभाईंना सांगायचं, छगनभाईंनी पडद्यातून विचारायचं, रेमलीनं उत्तर द्यायचं आणि छगनभाईंनी ते मला सांगायचं.

"व्हाल पुरा उघडा आहे का, विचारा."

"उघडा शे म्हणस."

"फासळी हलली-बिलली तर नाही?"

"जठली तठे शे म्हणस."

नाकाचं मी विचारलंच नाही. ते विलायती पितळ होतं, मी स्वतः बसवलेलं, आणि बाकीच्या चार खोल्यांत ते उत्तम चाललं होतं. ते बिघडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एक लाकडी दांडकं असतं आमच्याकडे. एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसरं कानाला. मी बाहेरून भिंतीशी बसून ऐकलं आणि आत पाणी खळखळल्यासारखं वाटलं. लगेच निकाल दिला की जमीन खचून उतार फिरलाय, पाइपात पाणी तुंबलंय. छगनभाईंनी मान डोलावली. दुसरा सगळा दिवस मी जोत्याखाली पालथा पडून घालवला. गवंड्याची पाणसळ लावली, पाचरी ठोकल्या, पाइप दोन बोटं उचलला. दित्या वाकून वाकून माझ्या हातात पाचरी देत होता. संध्याकाळी वाफ सोडली. खोली होती तशीच थंड.

तेव्हा मी जी चूक केली ती आजही आठवली की झोप उडते. मला वाटलं वाफेचा जोर कमी पडतोय. मी गॅस वाढवला. चार खोल्यांत उभं राहवेना इतकं तापलं, सेफ्टी व्हाल उघडला, आणि मी उचललेल्या त्या पाइपात पाणी अडकून घणाचे घाव पडावेत तसे दणके बसू लागले. भिंतीपलीकडून पोरीचं रडणं ऐकू आलं. मांजरीच्या पिलाएवढा आवाज. त्या घरात आल्यापासून तो मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी धावत जाऊन गॅस कमी केला. दणके थांबले, रडणंही थांबलं, आणि थांबलं म्हणून मला जास्तच भीती वाटली.

पोरीच्या सहाव्या दिवशी सकाळी छगनभाई म्हणाले, "मिस्तरी, आज सटवाईनी पूजा. दिवा लावाना टाइमले मी खोलीमा कोळसानी शेगडी ठेवाडस." मी म्हटलं, नका. त्या खोलीच्या काचेच्या खिडक्या, त्यांच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवलेल्या. आमच्या कौलारू घरांत शेगडी चालते कारण छपरातून वारा खेळतो. इथे तोच भट्टीतला गॅस खोलीत साठला असता. छगनभाई म्हणाले, "पहिलाच दिन ठेवेल व्हती. सुनले उलट्या व्हयन्यात, रेमलीनी भाईर काढी टाकी." मग तुम्हीच बघा की, मी म्हटलं. ते म्हणाले, "मंग मी काय करू ते तुम्ही सांगा. पोर थंडी पडी ऱ्हायनी." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. मी दिवेलागणीपर्यंत वेळ मागून घेतली आणि भट्टीच्या खोलीत जाऊन बसलो.

वीस वर्षं वाफेत घालवलेला माणूस मी. नंदुरबारात माझं नाव काढलं की लोक म्हणत, त्याचा हात लागला की यंत्र चालतं. आणि इथे हातच लावता येत नव्हता. पेटीतली सारी हत्यारं पुसून पुन्हा पेटीत ठेवली. 

दुपारी रेमली कढत पाणी न्यायला आली. पन्नाशीची, काटक बाई. घरी पावरी बोलायची, माझ्याशी बाजारात बोलतात तशी अहिराणी. हंडा नळाखाली लावला आणि निखाऱ्यावर विडी पेटवून बसली. आल्यापासून मी तिच्याशी थेट एक शब्द बोललो नव्हतो. काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, "पोर कशी शे?"

"जित्ती शे," ती म्हणाली. "रात मन्हा पोटवर व्हती. आते मायना पोटवर शे. पिंजेल कापूस गुंडाळेल शे."

सहा दिवस त्या दोघी आळीपाळीनं पोरीला उघड्या अंगाशी धरून, वरून पिंजलेला कापूस आणि घोंगडी घेऊन बसल्या होत्या. मी हे ऐकलं, पण खरं सांगायचं तर डोक्यात शिरलं नाही. माझं डोकं लोखंडात होतं.

"ती फासळी कधीपासून थंडी पडनी?" मी विचारलं.

"पोर व्हयनी त्याच दिनपासून."

"तेना आगोदर?"

"आगोदर भलती गरम. फुसफुस करे. मी तेनं तोंड बंद करी दिधं."

मी उभाच राहिलो. "कसानी बंद करं?"

"मेणनी," रेमली म्हणाली. तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. "खाट जोडेच शे. तेनामातीन वारं ये, बाईना अंगवर. बाळंतीणले वारं लागनं ते मरी जाई."

खिडक्यांच्या फटी जिनं चिंध्यांनी बुजवल्या, तिनं ते भोकही बुजवलं होतं. सुईणीनं करायचं ते काम तिनं चोख केलं होतं. हवेला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून आत वाफ येत नव्हती. आदला अख्खा दिवस मी जोत्याखाली पाचरी ठोकत होतो.

हसू आलं नाही आणि तिच्यावर राग काढायलाही जागा नव्हती. तिला समजावायचं कसं, हा प्रश्न होता. पाण्याची बादली ओढली, एक गडू पालथा धरला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, सरळ खाली दाब. तिनं दाबला. गडू पाण्यात गेला, पण भरेना. मग म्हटलं, थोडा कलता कर. बुडबुडा वर आला आणि गडू भरला. तिनं दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग म्हणाली, "वारं निंघी तवयच पाणी जाई."

"तेच," मी म्हटलं. "मेण काढी टाक."

"काढसू," ती म्हणाली. "पन वारं बाईवरच यी ना. ते कसं?"

बरोबर होतं तिचं. साहेबाच्या घरात खाट तिथे नव्हती, आमच्या लोकांनी खाट उबेच्या जवळ सरकवली होती. नाकातून निघणारी पहिली हवा गार आणि ओली असते, आणि ती नेमकी उशाशी यायची. मी पेटीतून बोरूएवढी तांब्याची नळी काढली, वाकवली, आणि फाजील ठेवलेल्या एका नाकाला डाक लावून जोडली. नळीचं दुसरं टोक खिडकीच्या फटीतून बाहेर काढायचं, म्हणजे वारं अंगणात जाईल. रेमलीनं नळीतून फुंकून पाहिलं आणि दुसऱ्या टोकाला हात धरून खात्री केली, मगच मान हलवली.

आता हे बसवणार कोण? मी तिला दिवाणखान्यातल्या फासळीशी नेलं. आधी व्हाल बंद करायचा, मग नाकाला पाना लावून डावीकडे फिरवायचं, सुताचा धागा मळसूत्रावर गुंडाळायचा, नवं नाक उजवीकडे फिरवून बसवायचं, घट्ट झालं की थांबायचं, आणि मग व्हाल पुरा उघडायचा. तिनं एकदा माझ्याकडे बघून केलं, दुसऱ्यांदा न बघता केलं. माझ्या हाताखालच्या पोरांना हे शिकवायला आठवडा लागायचा. पाना पदराखाली घेऊन ती पडद्याआड गेली. छगनभाई ओसरीवर पूजेचं सामान मांडत होते, त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. सांगत बसलो असतो तर दिवेलागण झाली असती.

मी बाहेरून भिंतीशी बसलो, दांडकं कानाला लावून. पान्याचा आवाज आला. बराच वेळ काहीच नाही. मग व्हाल उघडल्याची कुरकुर, आणि माझ्या डोक्याशी, खिडकीच्या फटीतल्या नळीतून फुस्स करून गार हवा येऊ लागली. मी बोट धरून बसलो. हवा गार, मग कोमट, मग एकदम कढत, आणि नाक मिटलं. पाइपातून पाणी हळूहळू परत बॉयलरकडे निघालेलं ऐकू आलं. घटकाभरानं रेमली आतून म्हणाली, "तपनं." एवढंच. मी तिथेच बसून राहिलो.

त्या संध्याकाळी सटवाईची पूजा उबदार खोलीत झाली. पोर पाळण्यात निजवली तरी हातपाय गरम राहिले, असं छगनभाई मला दोन-तीनदा सांगून गेले. सकाळी त्यांनी गावकऱ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला जरीचा फेटा बांधला. म्हणाले, "मिस्तरीसनी मन्ही नात वाचाडी." रेमली तेव्हा मागच्या दाराशी हंडा घासत होती. बोलायला मला भरपूर वेळ होता. मी हात जोडले आणि फेटा नीट केला.

तो फेटा मी पुष्कळ लग्नांत मिरवला. तोरणमाळची गोष्टही सांगत गेलो, आणि प्रत्येक वेळी तिच्यातली रेमली थोडी थोडी बारीक होत गेली. आधी मेण तिनं भरलं एवढंच सांगायचो. पुढे पुढे तर मी भिंतीतून ऐकूनच ओळखलं, असं सांगू लागलो. लोकांना तसंच आवडायचं.

सतरा वर्षांनी त्या मुलीचं, यमुनेचं, लग्न निघालं. तापीकाठच्या घरी मला मानानं बोलावणं आलं. छगनभाई थकले होते, तक्क्याला टेकून बसले होते. त्यांनी वऱ्हाडाला माझी ओळख करून दिली आणि गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या आवृत्तीपेक्षाही सुंदर झाली होती. वरपक्षाकडचे लोक उठून माझ्या पाया पडले. मी रेमलीचं विचारलं तर छगनभाईंना ते नावच आठवेना.  समोर नवरी मुलगी बसलेली, उंच, हसरी, हातात हिरवा चुडा. तिचा जीव माझ्या नावावर जमा करून सगळे जेवत होते.

पंगत उठल्यावर मी मागल्या अंगणात गेलो. रेवाबाई तिथे ओट्यावर विडे लावत होत्या. आता घरच्या कारभारीण, केस पांढरे व्हायला लागलेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, बाई, एक गोष्ट माझ्या मनावर आहे. तुमची पोर मी नाही वाचवली. सहा दिवस रेमलीनं आणि तुम्ही तिला अंगाशी धरलं, आणि बिघाडही मला रेमलीनं सांगितला तेव्हा कळला. लोकांसमोर मी गप्प राहिलो.

त्यांनी पानाला चुना लावणं थांबवलं नाही. "माले माहीत शे, मिस्तरीभाऊ," त्या म्हणाल्या. "मी तठेच व्हतू ना."

त्यांनी पुढचं पान घेतलं. मग त्याच बोलल्या. "तिनी मेण भरं आनि लोखंड थंडं पडनं, हाई मी खाटवर पडी पडी देखं. त्याच दिन मामंजीसले पडदामातीन सांगं, मेण भरं तवयपासून थंडं शे. मामंजी म्हणनात, तू पडी ऱ्हाय. मिस्तरीले बलावं शे, त्यासले समजी."

"मंग मी उनू तवय कसं सांगं नही?" मी विचारलं.

विडा दुमडून त्यांनी त्याला लवंग टोचली. "तुम्ही दारशी उनात. मामंजीसले इचारं, रेमलीले इचारं. मी वाट देखी, आते माले बी इचारतीन. मंग रातले ते दणके सुरू व्हयनात. माले वाटनं, तुम्हीन काही मोठं काम काढेल शे."

मांडवातून कुणी तरी हाक मारली, मुलीच्या पाठवणीची वेळ झाली होती. विडा माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या. मी ओट्यावर बसलो. तोंडात पान घालायची इच्छा उरली नव्हती. त्या खोलीत पाऊल टाकायची मला मनाई होती. पण मी दारापासून चार पावलांवर उभा होतो, आणि हाक मारायची मनाई मला कोणीच केली नव्हती.